अल्मोड्याजवळचा होमस्टे, तिथलीच गाडी आणि जागेश्वरचा मुक्काम : आमचा अनुभव

उत्तराखंडातल्या कुमाऊंला जाणाऱ्या मराठी सहलींमध्ये अल्मोडा हा बहुतेक वेळा जेवणाचा थांबा असतो. मुक्काम नैनितालला, मग कौसानीला, आणि वाटेत अल्मोड्यात बाल मिठाईचे डबे घ्यायला अर्धा तास. परभणीत एका एजंटने आम्हाला जो कार्यक्रम लिहून दिला, त्यात जागेश्वरपुढे 'दर्शन, १ तास' एवढंच होतं. लहानमोठी सव्वाशेच्या आसपास देवळं, त्यातली काही हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, आणि त्यांना एक तास! मी तो कागद परत केला. दिवाळीच्या सुट्टीत नैनिताल पूर्ण वगळलं, कसारदेवीच्या डोंगरावरचा एक होमस्टे फोनवरून ठरवला, गाडी तिथलीच घेतली आणि जागेश्वरला रात्र काढायची हे आधीच पक्कं केलं. सोबत नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलीय आणि दोन्ही गुडघे दुखतात. त्यामुळे पायऱ्या, चढ, गरम पाणी यांबद्दल जरा जास्त लिहिते. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांना आधी तेच विचारायचं असतं.

परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथे एक रात्र, मग सकाळच्या शताब्दीने काठगोदाम. रेल्वे तिथे संपते आणि डोंगर सुरू होतो. होमस्टेवाल्यांनी पाठवलेली गाडी स्टेशनबाहेर उभी होती. काठगोदाम ते अल्मोडा साधारण ८५-९० किलोमीटर, साडेतीन हजार रुपये ठरले होते, तेवढेच घेतले. भवालीच्या पुढे कैंची धामला नीम करोली बाबांच्या आश्रमापाशी गाड्यांची जी रांग लागते ती खरंच मोठी असते. शनिवार-रविवार आला तर हा टप्पा टाळाच. पुढे रस्ता कोसी नदीच्या काठाने जातो. अल्मोड्याच्या अलीकडे क्वारबला डोंगर खचतो, २०२४ च्या पावसाळ्यापासून तिथला रस्ता वारंवार बंद पडलाय. ड्रायव्हरने निघण्याआधीच फोन करून तिथली खबर घेतली होती. तिशीतला मुलगा, जवळच्याच गावचा. वळणावर हॉर्न देणार, समोरच्याला वाट देणार, ओव्हरटेकची घाई अजिबात नाही. सासूबाईंना घाटात मळमळतं म्हणून आलेपाकाची पुडी घेतली होती, ती निम्मी शिल्लक राहिली. यातच त्याच्या गाडी चालवण्याचं प्रमाणपत्र आलं.

आता होमस्टे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. जागा अल्मोड्यापासून आठेक किलोमीटरवर, चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांत, घर दुमजली, वर तीन खोल्या पाहुण्यांना आणि खाली घरचे लोक. खोलीचे रोज अडीच हजार, नाश्ता त्यातच, जेवण माणशी साडेतीनशे. पहाटे खिडकीचा पडदा सरकवला की उत्तरेला पूर्ण रांग दिसते : त्रिशूल, नंदादेवी, उजवीकडे पंचाचूली. नंदादेवी ७,८१६ मीटर उंच आहे, पण अंतरामुळे पुढचा त्रिशूलच मोठा वाटतो, आणि कोणता कोणता हे घरमालकांनी गॅलरीत उभं राहून आम्हाला दाखवून दिलं. नोव्हेंबरात हवा अशी स्वच्छ असते. मे-जूनमध्ये धूर आणि धुरकट हवेमुळे आठ-आठ दिवस शिखरं दिसत नाहीत, असं तेच म्हणाले. आपल्याकडे सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालय गाठतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तक्रार अशी. फोनवर मी स्पष्ट विचारलं होतं, गाडी दारापर्यंत येते का? "बिलकुल आती है," असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात गाडी वरच्या रस्त्यावर थांबते आणि घर खाली साठ-सत्तर पायऱ्यांवर. पायऱ्या दगडी, उंची कमीजास्त, कठडा अर्ध्यापर्यंतच. सासूबाईंना उतरायला वीस मिनिटं लागली आणि चढताना मध्ये दोनदा बसावं लागलं. घरमालकांचा मुलगा प्रत्येक वेळी येऊन हात धरत होता, त्याचं मनापासून कौतुक. पण पंचाहत्तरीच्या बाईला पायऱ्या आहेत हे आधी कळलं असतं तर आम्ही रस्त्यालगतची जागा घेतली असती. होमस्टेवाल्यांनी पायऱ्यांची संख्या जाहिरातीतच लिहावी. डोंगरात ही माहिती वायफायपेक्षा महत्त्वाची आहे. दुसरं म्हणजे गरम पाणी सौर, त्यामुळे सकाळी माणशी एक बादली आणि तीही सातनंतर. खोलीतल्या हीटरचे रोज तीनशे वेगळे, पण ते आधी सांगितले होते, त्यामुळे त्याबद्दल राग नाही. रात्री थंडी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि रजया मात्र चांगल्या जाड, धुतलेल्या होत्या.

जेवणासाठी त्या घराला पैकीच्या पैकी गुण. पहिल्या रात्री ताटात आलं गहतचं वरण, मडुव्याची भाकरी, आलूचे गुटके आणि मोहरी वाटून घातलेलं काकडीचं रायतं. सासूबाईंनी वरणाचा एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर हुलगे!" गहत म्हणजे हुलगेच, आणि मडुवा म्हणजे नाचणी. दुसऱ्या दिवशी घरातल्या वहिनींनी मला भांगेच्या बियांची चटणी करून दाखवली. बिया कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, मग पाट्यावर जिरं, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबाचा रस घालत वाटायच्या. बियांची टरफलं कडक असतात, म्हणून त्या वाटण पाण्यात कालवून कापडातून गाळत होत्या. या बियांनी नशा चढत नाही, सासूबाईंनी खात्री करून घेतली आणि मग दोनदा वाढून घेतली. त्याच्या बदल्यात सासूबाईंनी गहत भाजून दळून मागितले आणि त्यांच्या चुलीवर शेंगोळे केले. लसणाची फोडणी, पातळ आमटी, वळलेले शेंगोळे. घरातल्या आजीबाईंनी, त्यांना तिथे सगळे आमा म्हणतात, दोन वाट्या खाल्ल्या. एकीला मराठी सोडून काही येत नाही, दुसरीला कुमाऊनीच. तरी तासभर दोघी चुलीपाशी बसून बोलत होत्या. हॉटेलात उतरलो असतो तर हे कुठून मिळालं असतं?

कसारदेवीचं देऊळ होमस्टेपासून चालत जाण्यासारखं आहे. देऊळ छोटं, एका मोठ्या खडकाला टेकून बांधलेलं. १८९० मध्ये स्वामी विवेकानंदांनी इथे ध्यान केलं होतं. उतारावर सहाव्या शतकातला शिलालेख आहे. एवढं मोठेपण पुरेसं असताना तिथे जो तो 'व्हॅन ॲलन पट्टा' सांगत असतो : हे ठिकाण त्या पट्ट्यात येतं, म्हणून इथे वैश्विक ऊर्जा आहे, 'नासा'ने शोधून काढलंय वगैरे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे याचं मला फार वाईट वाटलं. व्हॅन ॲलन पट्टे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेल्या विद्युतभारित कणांचे पट्टे. १९५८ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहांच्या नोंदींवरून ते कळले. ते जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर सुरू होतात आणि पृथ्वीभोवती कड्यासारखे पसरलेले आहेत. एखाद्या टेकडीवर उतरून बसत नाहीत. पाटी लावायचीच असेल तर त्या शिलालेखाची लावा, त्यावर काय लिहिलंय ते हिंदीत सांगा. आमच्यासमोर कॉलेजची मुलं मोबाइलवर होकायंत्र लावून ऊर्जा मोजत होती आणि शिलालेखाकडे कोणी फिरकलंही नाही.

अल्मोडा गाव मला आवडलं, पण ते चालत पाहायचं गाव आहे. सोळाव्या शतकात चंद राजांनी राजधानी चंपावतहून इथे आणली. गाव घोड्याच्या खोगीरासारख्या डोंगरधारेवर पसरलंय, त्यामुळे मालरोड गाड्यांची आणि तिच्या वरच्या अंगाला जुना बाजार पायी चालणाऱ्यांचा. लाला बाजारात खाली दगडी फरशी, तिला पटाल म्हणतात, आणि जुन्या घरांना कोरीव लाकडी चौकटी. पुष्कळ चौकटी आता सिमेंट आणि पत्र्याच्या शटरमागे गेल्यात. ज्या उरल्यात त्या वर मान करून बघत चाला. नंदादेवीचं देऊळ बाजारापासून जवळच आहे, भाद्रपदातल्या अष्टमीला तिथे मोठी जत्रा भरते आणि केळीच्या खांबापासून देवीच्या मूर्ती करतात.

टम्टा मोहल्ला मात्र कोणी चुकवू नये. टम्टा म्हणजे तिथले तांबट. आता हात मोजकेच उरलेत, कारण बाजारात यंत्रावर केलेली भांडी स्वस्त मिळतात. मी ज्यांच्याकडे थांबले ते गागरीचा खालचा भाग ठोकत होते. भांडं लोखंडी खुंट्यावर आडवं धरायचं, एका हाताने हळूहळू फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने लाकडी हातोडा, त्यानंतर लोखंडी. ठोक्यांच्या ओळी वर्तुळात जातात आणि एकही ओळ दुसरीवर चढत नाही. बोटाने चाचपलं तर प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळा लागतो. यंत्राच्या भांड्यावरही हल्ली असे खळगे उठवतात, पण ते सगळे एकाच खोलीचे असतात. फरक ओळखायचा तर भांडं आतून बघा, असं त्यांनीच शिकवलं. उत्तराखंडच्या या टम्टा कामाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भाव वजनावर असतो, मजुरी वेगळी. मी पाण्याचा तांब्या घेतला, घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं.

बाल मिठाई : खवा साखरेसोबत तपकिरी होईपर्यंत परततात, थापून वड्या पाडतात आणि वर साखरेचे पांढरे बारीक दाणे चिकटवतात. चव गोडच, पण परतलेल्या खव्याचा खमंगपणा गोडाला आवरतो. दाण्यांवरून ताजेपणा कळत नाही, वडी मोडून बघा. आत कोरडी, भुगा होणारी असेल तर जुनी. दुकानदार चव घ्यायला देतात. सिंगोडी, म्हणजे मालूच्या पानाच्या शंकूत भरलेला खवा, तिथेच खाऊन घ्या, प्रवासात टिकत नाही.

चितईच्या गोलू देवतेला जाताना गाडी थांबवायला दुकानदार हात करतात, घंटा घ्या म्हणून. आमच्या ड्रायव्हरने एकदाही कोणत्या दुकानात नेलं नाही. गोलू हा कुमाऊंचा न्याय देणारा देव. ज्याला कोर्टकचेरीत न्याय मिळत नाही तो इथे अर्ज लिहितो, कित्येकदा खऱ्याखुऱ्या स्टॅम्पपेपरवर, आणि देवळात बांधून जातो. काम झालं की घंटा वाहतो. हजारो घंटा आहेत, वाटेच्या दोन्ही बाजूंना, छताला, एकीला दुसरी टांगलेली. पर्यटक ते अर्ज उलगडून वाचतात, फोटो काढतात. कृपा करून असं करू नका. ते दुसऱ्याचं दुःख आहे आणि ते त्याने देवाला सांगितलंय.

कटारमलच्या सूर्यमंदिरात सासूबाई येऊ शकल्या नाहीत. गाडी बरीच वर जाते, तरी शेवटचा चढ पायीच आहे. त्या आणि नवरा चहाच्या टपरीवर थांबले, मी ड्रायव्हरबरोबर गेले. कुमाऊंच्या जुन्या कत्यूरी राजांच्या काळातलं हे देऊळ पूर्वाभिमुख आहे. मोठ्या देवळाच्या शिखराचा माथा ढासळलेला, भोवती चाळीसहून अधिक छोटी देवळं एकमेकांना खेटून. पूर्वी इथे कोरीव लाकडी दरवाजा होता, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो जिथून काढला त्या चौकटीपाशी उभं राहिलं की संग्रहालयात बघण्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही होतो तेव्हा अख्ख्या परिसरात आणखी एकच कुटुंब होतं.

आणि जागेश्वर. अल्मोड्याहून ३५ किलोमीटर, दीड तास. अर्तोलाला मुख्य रस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर देवदारांच्या गर्दीतून, शेजारी जटागंगेचा ओढा. २०२४ च्या सुरुवातीला हा रस्ता रुंद करायचा म्हणून सुमारे हजार देवदारांवर तोडीच्या खुणा झाल्या होत्या. गावकऱ्यांनी विरोध केला आणि तोड थांबली. रस्ता अरुंदच आहे, दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. आम्हालाही थांबावं लागलं. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट हा रस्ता असाच राहावा. वाटेत दंडेश्वरला उतरा, सहलीच्या गाड्या तिथे न थांबता पुढे जातात आणि मोठं शिखर निवांत बघायला मिळतं.

देवळं साधारण सातव्या ते चौदाव्या शतकातली. नागर, म्हणजे उत्तर भारतीय, पद्धतीची शिखरं, वर आमलक, म्हणजे आवळ्यासारखी खाचांची दगडी चकती, आणि मोठ्या देवळांच्या डोक्यावर लाकडी छत्री. हे छत्रीचं बांधकाम मी आपल्याकडे कुठेच पाहिलं नाही. मोठी देवळं दोन, जागेश्वर आणि महामृत्युंजय, आणि भोवती कमरेएवढ्या देवळांपासून दुमजली उंचीपर्यंत सगळी मापं. पुष्कळ छोट्या देवळांत नुसतं लिंग आहे. लकुलीशाच्या, म्हणजे शिवाच्या एका अवताराच्या, देवळाच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम सकाळी नऊच्या सुमारास बघा, ऊन तिरकं पडतं तेव्हा ते उठून येतं. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय पाच मिनिटांवर आहे. शुक्रवारी बंद असतं, तेवढा वार टाळा.

सासूबाई दर महाशिवरात्रीला औंढ्याला जाणाऱ्या. द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्रातलं 'नागेशं दारुकावने' म्हणजे आपला औंढा नागनाथ, यात त्यांना कधी शंका नव्हती. जागेश्वरचे लोक तीच ओळ आपल्या देवाची मानतात, दारुकावन म्हणजे हे देवदारांचं वन. गुजरातेत द्वारकेजवळचे लोकही तीच ओळ सांगतात. अभिषेकाच्या वेळी गुरुजींनी स्तोत्र सुरू केलं, सासूबाईंनीही म्हटलं, आणि त्या ओळीला गुरुजींनी दाराबाहेरच्या झाडांकडे हात केला. अभिषेक संपल्यावर सासूबाईंनी त्यांना थांबवून ठेवलं. नामदेव महाराज देवळाच्या मागे कीर्तनाला उभे राहिले तेव्हा औंढ्याचं देऊळ त्यांच्याकडे फिरलं, तिथेच त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, हे सगळं मोडक्या हिंदीत सांगितलं. गुरुजी तिशीचे असतील. त्यांनी मांडी घालून शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, आणि शेवटी औंढ्याला यायचं कसं हेही विचारून घेतलं. दक्षिणेचा आकडा त्यांनी सांगितला नाही. अभिषेकाची पावती खिडकीवर आधी घेतली होती. गुडघेवाल्यांसाठी : औंढ्यासारखं अरुंद पायऱ्यांनी तळघरात उतरावं लागत नाही, गाभारे जमिनीच्याच पातळीवर आहेत, पण दारं ठेंगणी, फार वाकावं लागतं. फरशी थंडगार असते, लोकरी मोजे घालून जा.

संध्याकाळी पाचनंतर अल्मोड्याच्या गाड्या परतू लागतात आणि सहाच्या आरतीला जेमतेम वीस-पंचवीस माणसं उरतात. याचसाठी मुक्काम करायचा. दिवसा महामृत्युंजयाच्या दारात रांग होती, संध्याकाळी सासूबाई तिथे हव्या तितक्या वेळ जप करत बसल्या आणि त्यांना कोणी 'आगे चलिए' म्हटलं नाही. राहायला कुमाऊं मंडळ विकास निगमचं विश्रामगृह देवळांच्या अगदी जवळ आहे, ते आधी आरक्षित करा. सुट्टीत लवकर भरतं, आम्हाला मिळालं नाही. आम्ही एका खासगी लॉजमध्ये उतरलो, अठराशे रुपये, तळमजला, देवळापर्यंत सपाट वाट. रजयांना ओलीचा वास होता आणि रात्री दहाला वीज गेली ती पहाटे आली. टॉर्च आणि स्वतःची एक शाल जवळ ठेवा. श्रावणात इथे महिनाभर मेळा असतो, तेव्हा गर्दी आणि दरडी दोन्ही. तिथला श्रावण जुलैच्या मध्यालाच सुरू होतो, आपल्या पंचांगावरून बेत आखू नका.

बिनसरचं अभयारण्य आम्ही अर्ध्या दिवसात उरकलं. झिरो पॉइंटपर्यंतची, म्हणजे शिखरं बघायच्या जागेपर्यंतची, पायवाट सासूबाईंना जमणारी नव्हती.

दिवसभराच्या गाडीचे अडीच हजार पडले, जागेश्वरच्या मुक्कामाला ड्रायव्हरचे चारशे जास्त. होमस्टेला मी पाचापैकी चार देईन, एक पायऱ्यांचा गेला. गाडीला पाच. लॉजला दोन. वयस्कर माणूस सोबत असेल तर अल्मोड्यात मालरोडलगत उतरा आणि कसारदेवीच्या एखाद्या घरी आधी सांगून फक्त जेवायला जा, बरीच घरं करून देतात. अल्मोड्याची उंची साडेसोळाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे श्वासाचा त्रास आम्हाला कोणालाही झाला नाही. परतीची शताब्दी काठगोदामहून दुपारी सुटते. कैंचीचा घोळ धरून अल्मोडा सकाळी नऊलाच सोडा, आणि बाल मिठाई आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा, कारण सकाळी त्या वेळेला बाजार जेमतेम उघडत असतो.